सूर्याकडे निघालेला ठिपका

ज्या धूमकेतूसाठी कारखान्यात माझा सत्कार झाला, तो मी शोधलेला नव्हता. तो आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या मावशींना दिसला होता. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना स्वतःला सांभाळून घ्यायची सोय मला उरणार नाही.

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात आहे. उत्पादनातून नमुने येतात. त्यांत ओलावा किती, आम्ल किती, भेसळ किती ते बघून सही करायची. या कामात वाट बघणं फार. नमुना ओव्हनमध्ये ठेवला की तो वाळेपर्यंत करण्यासारखं काही नसतं. मोबाइल गेटवर जमा करावा लागतो म्हणून तरुण केमिस्ट कुरकुरत बसतात. मला एक नाद लागला तो याच रिकाम्या वेळात, विभागाच्या संगणकावर.

आपल्या देशाचं यान सूर्याचा अभ्यास करायला निघालं, त्या दिवसांत मी त्याबद्दल मिळेल ते वाचत होतो. वाचता वाचता कळलं की त्याच भागात, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याकडे तोंड करून एक जुनं परदेशी यान कितीतरी वर्षं उभं आहे आणि त्याने काढलेली चित्रं कोणालाही बघता येतात. साधारण दर बारा मिनिटांनी नवं चित्र येतं. पासवर्ड नाही, ओळखपत्र नाही. आमच्याकडे साधी कपाटाची किल्ली घ्यायची तर वहीत सही करावी लागते.

ते चित्र पहिल्यांदा बघणाऱ्याला फसवतं. सूर्याचं चित्र म्हणून उघडावं तर सूर्यच दिसत नाही. मधोमध एक काळी गोल तबकडी असते. तिला धरून ठेवणारा दांडा एका कोपऱ्यातून आलेला असतो. तबकडीवर एक बारीक पांढरं वर्तुळ काढलेलं असतं, तेवढाच तो झाकलेला सूर्य. तबकडीच्या कडेने धुरासारखे झोत बाहेर पडताना दिसतात आणि त्यांच्या मागे, सूर्याच्या इतक्या जवळ, चक्क तारे असतात. भर दिवसा आपल्या डोक्यावरही हेच तारे असणार, पण उजेडापुढे ते आपल्याला कधी दिसत नाहीत. पहिल्या दिवशी मी जेवायचं विसरून तेच बघत बसलो.

मग कळलं की या चित्रांत धूमकेतू सापडतात, आणि ते शोधणारे बहुतेक जण शास्त्रज्ञ नसतात. कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी निवृत्त माणूस. एकामागोमाग आलेली चित्रं पुढे-मागे फिरवायची आणि सरळ रेषेत, सारख्या वेगाने सरकणारा ठिपका शोधायचा. यातले बहुतेक धूमकेतू म्हणजे फार पूर्वी फुटलेल्या एकाच मोठ्या धूमकेतूचे तुकडे. सगळे एकाच वाटेने येतात, सूर्याजवळ पोचतात आणि विरून जातात. पलीकडे बाहेर पडलेला जवळपास कोणी नाही. काही तासांचं दिसणं असतं, तेवढ्यात कोणीतरी पाहायला हवं. पाहणाऱ्याने ठिपक्याची जागा आणि वेळ लिहून कळवायची. जो पहिल्यांदा कळवेल त्याचं नाव शोधणारा म्हणून यादीत लागतं. धूमकेतूला यानाचं नाव मिळतं, माणसाला यादीतली एक ओळ.

मला ती ओळ हवी होती. का हवी होती, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांनी बनवलेल्या मालावर सह्या करत आलो. माझ्या सहीचा माल कुठल्या देशात जातो, त्याचं पुढे काय होतं, मला माहीत नसतं. आकाशातली एक गोष्ट मी आधी पाहिली असं कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढीच हाव. पण हावच.

वर्षभर मला काहीही सापडलं नाही. तीनदा मी घाईने कळवलं आणि तिन्ही वेळा उत्तर आलं की तो ठिपका म्हणजे कॅमेऱ्यावर आदळलेले सूक्ष्म कण आहेत. असे कण प्रत्येक चित्रात शेकड्याने असतात, पांढऱ्या भुरभुरीसारखे, पुढच्या चित्रात गायब. त्या भुरभुरीतून खरा ठिपका निवडणं, तिथेच माझं घोडं अडलं होतं.

मावशी आमच्याकडे कंत्राटावर आहेत. आलेवाडीहून रोज शेअर रिक्षाने येतात. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. नवऱ्याची बोट होती तोवर किनाऱ्यावर मासळी सुकवायचं काम केलं, बोट विकल्यावर कारखान्यात आल्या. फ्लास्क, बीकर, पिपेट धुऊन रॅकवर उपडे घालायचं त्यांचं काम. रॅक माझ्या टेबलामागेच असल्याने संगणकावरचं चित्र त्यांना येता-जाता दिसायचं. बरेच दिवस त्यांनी काही विचारलं नाही. एकदा मात्र हात पुसत मागे उभ्या राहिल्या आणि हा कोणाचा एक्स-रे, म्हणून चौकशी केली.

सूर्याचा, असं मी सांगितलं. मग सूर्य झाकलाय कशाला, असं त्यांनी विचारलं. झाकल्याशिवाय त्याच्या आजूबाजूचं दिसत नाही, म्हटल्यावर त्यांना लगेच पटलं. बोट परत यायच्या वेळी उन्हं समोर असतात, तेव्हा त्या तळहात आडवा धरून बघायच्या. हात नीट धरला तर आपली बोट कोणती तेही ओळखू येतं, असं म्हणाल्या. ते यंत्र कसं चालतं हे समजायला मला दोन आठवडे वाचन करावं लागलं होतं.

त्यानंतर त्या रोज थोडा वेळ मागे उभ्या राहू लागल्या. प्रश्न विचारायच्या. चित्राच्या रंगाचं निळेपण खरं का? (नाही, माणसांनी दिलेलं.) त्या एका जाड ठिपक्याला दोन्ही बाजूंना मिशा का? (तो ग्रह आहे, त्याचा उजेड कॅमेऱ्याला झेपत नाही.) यान पडत का नाही? याचं उत्तर मला धड देता आलं नाही. मी बरंच बोललो. माझं आटोपेपर्यंत त्या थांबल्या आणि म्हणाल्या की तुम्हालाही नाही कळलेलं, राहू द्या. तरुण केमिस्ट हसले. मलाही हसू आलं. ते दिवस चांगले होते.

डिसेंबरातली गोष्ट. जेवणाची सुट्टी संपत आली होती. मी सकाळपासूनची चित्रं पुढे-मागे फिरवत होतो आणि मला काहीच दिसत नव्हतं. मागून मावशी म्हणाल्या, "सायेब, थांबा. ह्यो कुटं चाललाय?"

मी विचारलं कोण. त्यांनी ओलं बोट काचेला न लावता खालच्या अंगाला धरलं. तिथे मला भुरभुर दिसत होती. त्यांनी परत फिरवायला सांगितलं. मी फिरवलं. "बाकी सगली एका बाजूला चाललीत," त्या म्हणाल्या, "आनि ह्यो एकटाच वर, सूर्याकडं."

त्यांचं बरोबर होतं. तारे एका दिशेने संथ सरकत होते आणि त्यांच्यातून तिरका, अगदी फिका ठिपका वर निघाला होता. सात चित्रांत होता. कसा दिसला, मी विचारलं. त्यांना तो प्रश्नच विचित्र वाटला. ओला जवळा निवडताना त्या एवढ्याशा कोलंबीच्या ढिगात नखाएवढी चिंबोरी, म्हणजे बारका खेकडा, हलते, ती आधी दिसते. ढीग बघायचा नसतो, असं काहीतरी त्या म्हणाल्या आणि घंटा झाली म्हणून बीकर घासायला गेल्या.

प्रत्येक चित्रातली त्या ठिपक्याची जागा मी मोजली, वेळा लिहिल्या, फॉर्म भरला. त्यात शेवटी एक रकाना होता, शोधणाऱ्याचं नाव. तिथे मी माझं नाव लिहिलं. विचार करायला वेळ मिळाला नाही असं मला म्हणता येईल, पण ते खरं नाही. मी थांबलो होतो. मागे नळाचं पाणी वाजत होतं. मोजमाप मी केलं, चित्रं मी उघडली, इंग्रजीतला फॉर्म मी भरला, असं तीन-चार वेळा मनात म्हटलं आणि बटण दाबलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं की धूमकेतू नवा आहे, शोध मान्य. मी ते घरी दाखवलं. बायकोने दृष्ट काढावी तसं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, दिसला तेव्हा कसं वाटलं? मी सांगितलं. छातीत धडधडलं, मग एकदम शांत वाटलं, असं बरंच रंगवून सांगितलं. दिसल्याचं ते वर्णन मी कुठून आणलं, कोण जाणे.

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताहाच्या समारोपाला मोठ्या साहेबांनी मला मंचावर बोलावलं. शाल, श्रीफळ. आपल्या बोईसरचा माणूस अंतराळात पोचला, असं ते म्हणाले. मी माइकवर धीर आणि सराव या दोन गोष्टींवर बोललो. कंत्राटी बायका मागच्या रांगेत बसल्या होत्या. मावशीही टाळ्या वाजवत होत्या, मन लावून.

दुसऱ्या दिवशी त्या रॅकजवळ आल्या. खूश होत्या. हातातला फ्लास्क उजेडात धरून डाग बघत सहज म्हणाल्या, "सायेब, शाल भेटली त्यो माजावाला, का दुसरा?"

हा प्रश्न म्हणजे दार उघडून दिल्यासारखा होता. एक शब्द बोललो असतो तर मला आज हे लिहावं लागलं नसतं. मी म्हणालो, "दुसरा होता, मावशी."

"बरा," त्या म्हणाल्या. "मंग माजा?"

त्याचं अजून तपासत आहेत, असं मी सांगितलं. वेळ लागतो.

फॉर्मवर नाव लिहिलं ती चोरी. पण मला जास्त टोचतं ते हे दुसरं, कारण त्यांनी त्यावर पूर्ण विश्वास ठेवला आणि वाट बघू लागल्या. आठवड्यातून एकदा तरी विचारायच्या, माझा लागला का? घरी सुनेला सांगून बसल्या होत्या की कारखान्यात सूर्यावर जाणारा एक तारा आपण पकडला. सून म्हणाली, आता ताराही सुकत घाला. हे त्यांनीच मला हसत सांगितलं. निकाल आला की तिला दाखवायचं होतं. मी म्हणायचो, मोठं काम आहे, तपासणारी माणसं थोडी. हे सगळं खरं होतं आणि खोट्यासाठी वापरलेलं होतं.

याच काळात त्यांची जिज्ञासा माझ्यापुढे गेली. महिने बदलले तशी तुकड्यांची यायची वाट चित्रात दुसरीकडे सरकली, ते त्यांनी माझ्याआधी ओळखलं. मी समजावलं की वाट तीच असते, आपली पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून आपण दुसऱ्या बाजूने बघतो. मग त्यांनी विचारलं, जो मूळचा फुटला, तो केवढा असेल? आणि इतके तुकडे येऊनही संपत नाहीत ते का? मी शोधून शोधून सांगायचो. रात्री घरी बसून त्यांच्यासाठी वाचायचो. सकाळी त्या ऐकताना मान डोलवायच्या आणि मला वाटायचं, मी चांगला माणूस आहे. आणि पुन्हा तो प्रश्न यायचा, माझा लागला का?

ऑगस्टमध्ये त्यांना दुसरा दिसला. पहिल्यापेक्षा स्पष्ट, बारीक शेपटीसकट. मी फॉर्म उघडला. या वेळी तुमचं नाव घालू या, असं मी म्हणालो. मला वाटलं, या एका नावाने मागचं झाकलं जाईल. मग त्यांना त्यांचा तारा मिळाल्याचं सांगता येईल आणि कोणता पहिला, कोणता दुसरा हे कोण बघतंय.

नावाच्या रकान्यापाशी माझी बोटं थांबली. सहा वर्षं त्या माझ्यामागे उभ्या राहून भांडी धूत होत्या, आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. हजेरीपत्रक कंत्राटदाराकडे असतं. आमच्यासाठी त्या मावशी. मी ओशाळून नाव विचारलं.

त्या लगेच सांगतील असं वाटलं होतं. पण त्यांनी मान हलवली. "आदी पयल्याचं कलू द्या. पयला नापास झाला असंल तर दुसरा कशाला द्यायचा? माजाच डोला चुकत असंल."

मी घड्याळाकडे पाहिलं. एवढा स्पष्ट ठिपका जगात इतर कोणाला दिसणार नाही असं शक्यच नव्हतं. मिनिटं जात होती. मी म्हणालो, डोळा चुकलेला नाही. तुम्हाला काय म्हाईत, त्या म्हणाल्या, अजून तपासतायत म्हणता ना. मला त्या क्षणी आणखी एक खोटं सुचलं होतं, आजच सकाळी निकाल आला असं सांगावं. जिभेवर आलंही होतं. पण त्यांचा चेहरा काळजीत होता, स्वतःच्या डोळ्याबद्दल शंका घेणारा. तो बघून जीभ वळली नाही.

मी उठून उभा राहिलो आणि सांगितलं. शाल मिळाली तो तुमचाच होता. दुसरा कोणताच नव्हता. नाव मी माझं लिहिलं.

त्या ओरडल्या नाहीत. पदराला हात पुसत राहिल्या, ते कोरडे झाल्यावरही. मग म्हणाल्या, "म्हंजे तवाच पास झालता?"

"हो. दोन दिवसांत."

"आनि मी सगलं वरीस इचारत व्हते."

वर्ष नव्हतं झालं, पाच महिने झाले होते. मी ते बोललो नाही. त्या जाऊन नळापाशी उभ्या राहिल्या. पाऊण तासाने मी यादी उघडली तेव्हा तो शेपटीवाला धूमकेतू कोणा दुसऱ्या देशातल्या माणसाने कळवला होता.

चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. माझे बीकर मात्र नेहमीसारखेच लख्ख असायचे. पाचव्या दिवशी मी त्यांच्याजवळ गेलो आणि यादी दुरुस्त करायला लिहितो, असं म्हणालो. करा, त्या म्हणाल्या. "पन टाल्या मानसांच्या म्होरं घेतल्या, तर सांगायचं पन त्यांच्या म्होरं."

मी मोठ्या साहेबांकडे गेलो आणि सगळ्यांपुढे सांगायला मंच मागितला. त्यांनी ऐकून घेतलं, दार लोटलं आणि समजुतीने बोलले. मनाला लावून घेऊ नका, ऑडिट तोंडावर आहे, मावशींना दिवाळीला एक साडी देऊ, विषय संपवा. मंच काही त्यांनी दिला नाही. खाली आलो तेव्हा मला हलकं वाटत होतं, आपण प्रयत्न केला असं. त्या हलकेपणाची मला लाज वाटली. म्हणून त्याच दुपारी कॅन्टीनमध्ये, ताट हातात असतानाच, मी उभा राहून मोठ्याने सांगितलं.

सांगण्याचं फार शोभिवंत झालं नाही. अर्ध्या लोकांना वाटलं मी राजीनामा देतोय. ड्रायर विभागातल्या एकाला धूमकेतू म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, शेजारच्याला विचारत होता. मी पुन्हा सांगितलं, सोप्या शब्दांत. तो मावशींना दिसला, मी माझ्या नावावर लावला, नंतर त्यांच्याशी खोटं बोललो. बिहारकडचा एक ऑपरेटर म्हणाला, "साब, तो अब शाल आधी-आधी होगी क्या?" आणि हशा पिकला. मावशी बायकांच्या टेबलावर होत्या. सगळ्यांनी तिकडे बघितलं. त्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "शाल ऱ्हाऊ दे त्यास्नी. उकडतंय मला."

घरी बायकोला सांगणं जास्त जड गेलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, ती धडधड तुझी नव्हती तर.

यादी सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञाला मी सविस्तर पत्र लिहिलं. त्याआधी मावशींना शेजारी बसवून नाव विचारलं. त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, हळू, एकेक शब्द सुटा करून. ते इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. उत्तर यायला महिना लागला. त्यात चार ओळी होत्या, कौतुक नव्हतं आणि झापलंही नव्हतं. त्या धूमकेतूपुढे आता त्यांचं नाव आहे. मी तो कागद छापून दिला. तो त्यांनी घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला. सुनेला दाखवला की नाही, मला सांगितलं नाही, आणि तो प्रश्न विचारायचा माझा हक्क राहिलेला नाही.

त्या अजूनही चित्रं बघतात. आता माझ्या मागे उभ्या राहत नाहीत, शेजारी स्टूल ओढून बसतात. प्रश्नही विचारतात, पण पूर्वीसारखे सगळे मला नाही. काही तरुण केमिस्टना विचारतात आणि मी ऐकतो. एकदा यान जुनं झाल्यावर त्याचं काय होणार, हे त्या एका केमिस्टला विचारत होत्या. मला उत्तर माहीत होतं. मी ब्युरेटकडे बघत राहिलो.

मागच्या आठवड्यात त्यांनी अचानक माझा हात थांबवला. चित्र मी पुढे-मागे फिरवलं, मला काहीही दिसलं नाही. कुठे, मी विचारलं. त्यांनी हाताची घडी घातली.

"फॉरम उघडा. आदी नाव लिवा," त्या म्हणाल्या. "मंग दावते."

मी फॉर्म उघडला. त्यांचं नाव लिहिलं, तपासून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. मग त्यांनी घडी सोडली आणि बोट पडद्याकडे नेलं.